उचलत्या छपराची जीप

माझ्या मावशीच्या हाताला कायम मेणाचा वास यायचा. ताडपत्री शिवायचा दोरा आधी मेणाच्या वडीवरून ओढून घ्यावा लागतो, नाहीतर भोकाभोकातून पाणी झिरपतं. तिने साबण बदलून पाहिले, लिंबू चोळून पाहिलं, पण तो वास काही गेला नाही. लहानपणी ती माझ्या डोक्यावरून हात फिरवायची तेव्हा केसांनाही तो लागायचा, आणि आई म्हणायची, "आलीस का मावशीकडून पॉलिश करून?"

राहत्या घराच्या खालीच तिचं दुकान होतं. ट्रकची हूड, दुकानांपुढची छपरं, मंडपांची कापडं, यंत्रांची कव्हरं असं सगळं ती शिवायची. एक अवजड काळं मशीन, भिंतीला टांगलेली दाभणं आणि जमिनीवर पसरलेलं कापड. ते एवढं मोठं असायचं की शिवता शिवता ती त्यात कमरेपर्यंत बुडालेली दिसायची. शिवून झालं की ट्रकवाला यायचा, हूड चढवायचा, दोऱ्या आवळायचा आणि भुर्र निघून जायचा. मावशीच्या हातची कापडं कुठे कुठे पोचली असतील कोण जाणे. ती स्वतः मात्र त्या दुकानापासून फार लांब कधी गेली नव्हती.

काका, म्हणजे तिचे यजमान, अगदी उलट. जमिनीची मोजणी करणाऱ्या खात्यात ते ड्रायव्हर होते. मोजणीच्या साहेबांना आणि त्यांच्या दुर्बिणी-तिवयांना जीपमध्ये घालून जिथे रस्ता संपतो तिथून पुढे न्यायचं, हे त्यांचं काम. महिना महिना घरी नसायचे. आले की कानात धूळ आणि तोंडात गोष्टी. वाळूची नदी, एका बाजूने हिरवा आणि दुसऱ्या बाजूने बोडका डोंगर, आणि सगळ्यात आवडतं म्हणजे पठारावरचं तळं. "निळं म्हणजे किती निळं सांगू! शाई सांडल्यासारखं." ताटातला भात गार व्हायचा, काका बोलत राहायचे. मावशी दोरा मेणावरून ओढत "हं" म्हणायची.

मला त्यांच्या गावातल्या शाळेत नोकरी लागली आणि मी त्यांच्याकडे राहायला गेले, तेव्हा काका नुकतेच निवृत्त झाले होते. त्याच सुमारास खात्याने जुन्या गाड्या मोडीत काढल्या. काकांनी जन्मभर चालवलेली जीपही त्यात होती. ते लिलावात गेले आणि तिला विकत घेऊन घरी आले. दुकानामागच्या अंगणात ती उभी राहिली. रोज सकाळी ते तिला धुवायचे, इंजिन चालू करून डोळे मिटून ऐकायचे, बंद करायचे आणि चहाला आत यायचे.

मावशीने हे बरेच दिवस पाहिलं. मग एका सकाळी ती मागच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अहो, ही बाई रोज नुसती न्हाऊन-माखून बसणार आहे का?"

"थकलीये गं ती. आता आराम करू दे तिला."

"आणि मी?"

"तू काय?"

"मी कधी करायचा आराम? आणि कुठे? याच अंगणात?"

काकांनी पाण्याचा पाइप खाली ठेवला.

"तुम्ही इतकी वर्षं जे सांगत आलात ना, ते मला बघायचंय," मावशी म्हणाली. "ते तळं बघायचंय. तिथे राहायला जागा नाही, हे तुम्हीच सांगता. मग या गाडीतच राहायचं."

"हिच्यात? हिच्यात दोन माणसं आडवी व्हायची नाहीत."

"होतील. मी करते."

गळ्यात टेप होतीच. तिने काकांना तिथल्या तिथे मागच्या भागात झोपायला लावलं. काका ताडमाड उंच. त्यांचे पाय मागच्या दारातून गुडघ्यापर्यंत बाहेर आले.

"दार उघडं ठेवून झोपेन," ते आतून म्हणाले.

"हो, आणि कोल्हा येऊन तळवे चाटून जाईल. उठा."

अशी सुरुवात झाली. मागची समोरासमोरची बाकडी काढली, खालचा पत्रा बघायला रबरी चटई उचलली, तर एका कोपऱ्यात गंजून एवढं भोक पडलेलं की त्यातून अंगणातली मुंग्यांची रांग दिसत होती. गल्लीच्या टोकाला एक वेल्डर होता. सगळे त्याला ठिणगी म्हणायचे, कारण त्याच्या प्रत्येक शर्टाला बारीक जळकी भोकं असायची. तो आला, गंजका भाग कापून त्याने नवा पत्रा बसवला. मग प्लायवूडचे खोके झाले. खोक्यांत अंथरूण, पाण्याचे डबे, भांडी. गॅसची लहान शेगडी मागच्या दाराला बिजागरीवर अशी लावली की दार उघडून फळी पाडली की झालं स्वयंपाकघर. खोक्यांवरच्या गाद्या मावशीने तीन तुकड्यांत केल्या. दिवसा दोन बैठका आणि मधे पाय सोडायला जागा, रात्री मधे फळी सरकवली की पलंग. काकांच्या पायांचा प्रश्न तिने डाव्या पुढच्या सीटची पाठ पुढे पाडून सोडवला. त्यावरून पाय लांब करता येत होते.

पण आत बसलं की डोकं छपराला टेकायचं. शर्ट घालायचा तर झोपून घालावा लागणार. मावशी आत वाकून बसली, मान तिरकी करून वर पाहिलं आणि म्हणाली, "छप्पर कापावं लागेल."

काकांना वाटलं, चुकीचं ऐकू आलं. तिने पुन्हा सांगितलं. छप्पर चौफेर कापायचं, पुढच्या बाजूला बिजागऱ्या लावायच्या, पेटीचं झाकण उघडावं तसं मागून वर उचलायचं, आणि झाकण आणि गाडी यांच्यामधल्या फटीला उरलेल्या तिन्ही बाजूंनी कापडी भिंत.

"डोकं फिरलंय तुझं! चांगल्या जीपचं छप्पर कापायचं? इतक्या वर्षांत एक ओरखडा पडू दिला नाही मी तिच्यावर!"

"म्हणूनच तर बिचारी कंटाळली असेल."

हे मावशीने बोलायला नको होतं. काकांनी अबोला धरला. पुढचे काही दिवस घरातलं सगळं बोलणं माझ्यामार्फत चाललं. "तुझ्या मावशीला सांग, चहा झालाय." "काकांना म्हणावं, कप विसळून ठेवा." दोघंही एकाच टेबलाशी बसलेली असायची आणि मी मधे मान डावीकडे-उजवीकडे करत असायचे.

मावशीने या काळात वाद घातला नाही. तिने माझ्या चपलांचा एक रिकामा खोका घेतला, झाकणाला पुढे कापडाची बिजागरी शिवली, बाकीच्या तिन्ही बाजूंनी खाकी कापडाची चुण्यांची भिंत लावली आणि तो खोका सकाळी काकांच्या वर्तमानपत्रावर ठेवून दिला. काका आले. बराच वेळ त्यांनी खोक्याकडे पाहिलंच नाही. मग एका बोटाने झाकण उचललं. मिटलं. पुन्हा उचललं, पुन्हा मिटलं.

"कापड बाहेर लोंबतंय," ते म्हणाले. थेट मावशीला.

"ते बघते मी."

"कसं बघशील? प्रत्येक वेळी मिटताना हाताने आत कोंबत बसणार? पावसात?"

"बघते म्हटलं ना."

त्या दिवशी दुपारपर्यंत तिने त्याचंही उत्तर काढलं. कापडी भिंतीच्या बरोबर मधोमध, बाहेरून, तिन्ही बाजूंनी एक रबरी दोरी शिवली. झाकण खाली येऊ लागलं की ती दोरी कापडाला कमरेत आवळायची आणि कापड आपोआप आत वळायचं. काकांनी खोका पुन्हा पुन्हा मिटून पाहिला. शेवटी हसले. "अगं, ही तर लाजतेय."

छप्पर कापायच्या दिवशी ठिणगी आपलं कटर घेऊन आला. मावशीने खडूने रेघ मारून ठेवली होती, शिवणकामाच्या खडूने. ठिणगीने चष्मा चढवला, तोच काकांनी त्याच्या हातातून यंत्र काढून घेतलं. "मीच कापतो. दुसऱ्याने कापलं तर मला बघवायचं नाही." ठिणग्या उडत होत्या, काका दात-ओठ खात रेघेवरून जात होते आणि मावशी भिजवलेलं पोतं घेऊन शेजारी उभी होती. पत्रा सुटला. आम्ही सगळ्यांनी धरून तो खाली उतरवला. मग ती दोघं आत चढली आणि पहिल्यांदाच जीपमध्ये सरळ उभी राहिली, छातीपासून वर बाहेर. कुंपणापलीकडून शेजारीण म्हणाली, "काय, निघालात वाटतं?"

"अजून इथेच आहोत," काका म्हणाले. "पण उभे आहोत!"

कापडी भिंतीचं काम मात्र मावशीने कोणालाही हात लावू दिला नाही. जन्मभर लोकांच्या ट्रकांसाठी शिवलं, हे घरचं होतं. दुहेरी शिवण, आतून पट्टी, प्रत्येक शिवणीवर गरम मेण, तिन्ही बाजूंना जाळीच्या खिडक्या आणि त्यांवर चेन लावलेले पडदे. कॉलर शिवावी तसे कोपरे तिने हाताने, दाभणाने शिवले. मी शाळेतून यायचे तेव्हा ती मशीनवर असायची आणि काका कापडाचं ओझं दोन्ही हातांवर तोलून तिच्यामागे उभे असायचे.

पहिली रात्र दोघं अंगणातच झोपली. सकाळी उठून पाहते तर दोघांचे केस ओले. पाऊस तर नव्हता. पत्र्याच्या झाकणाला आतून पाणी धरलं होतं आणि ते टपटप अंगावर पडलं होतं.

"श्वासाचं पाणी आहे," काका म्हणाले.

"श्वासाचं कसलं, तुमच्या घोरण्याचं आहे," मावशी म्हणाली आणि जुनं ब्लँकेट फाडायला बसली. झाकणाला आतून ब्लँकेटचा थर, त्यावर सुती कापड, आणि थंडीतही एक खिडकी बोटभर उघडी ठेवायची, असं ठरलं. सगळं सामान भरल्यावर जीप मागून बसल्यासारखी दिसू लागली, म्हणून मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये एकेक पाटा वाढवला. गाडी पुन्हा ताठ उभी राहिली. गल्लीतल्या पोरांनी तिचं नाव डबी ठेवलं. कधीही या, दोन-चार पोरं "डबीचं झाकण उघडा ना" म्हणत दारात उभी.

निघायचं ठरलं आणि काकांनी फाटकाला गाडी घासली. दोन दिवसांनी पुन्हा, त्याच बाजूने. मग माझ्या लक्षात आलं, ते वर्तमानपत्र तिरकं धरून वाचत होते. मावशी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. नजरेचा मधला भाग पुसट होत चालला होता. कडेकडेचं दिसत राहील, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण समोर बघाल ते दिसणार नाही. वाचणं अवघड होईल, चेहरे ओळखणं अवघड होईल. "आणि गाडी आता चालवायची नाही, आजोबा." त्यांना कोणीतरी पहिल्यांदाच आजोबा म्हणत होतं.

घरी येऊन काकांनी डबीवर कव्हर घातलं. तेही मावशीनेच शिवलेलं. धुणं बंद, इंजिन ऐकणं बंद. ते दिवसभर पुढच्या खोलीत बसायचे. गोष्टीही सांगेनासे झाले. मावशी खाली मशीनवर. तिचं मशीन त्या दिवसांत एवढं जोरात चालायचं की वरची भांडी थरथरायची.

एका संध्याकाळी ती मला म्हणाली, "चल जरा माझ्याबरोबर." कुठे ते सांगितलं नाही. आम्ही गेलो ड्रायव्हिंग शाळेत. तिथला शिक्षक, किडकिडीत, गळ्यात मफलर, माझ्याकडे बघून म्हणाला, "या ताई. आधी कधी चालवलीये?"

"ती नाही, मी," मावशी म्हणाली. "आणि नाही चालवली."

मास्तर क्षणभर माझ्याकडेच बघत राहिले. मी मावशीकडे बोट केलं.

क्लचने तिला त्रास दिला नाही. जन्मभर मशीनच्या पायट्यावर पाय होता, किती दाबायचं आणि किती हळू सोडायचं हे पायाला पाठ होतं. मास्तर चकित झाले. पण स्टीअरिंग हातात आलं की ती बॉनेटकडे बघायची. सुईच्या टोकावर नजर ठेवायची सवय. गाडी वेडीवाकडी जायची आणि मास्तर दोन्ही हातांनी सीट धरून ओरडायचे, "बाई, लांब बघा! लांब!" घरी आल्यावर ती गॅलरीत उभी राहून लांब बघायचा सराव करायची. मी विचारलं तर म्हणाली, "अगं, मान दुखत नाही, डोळे दुखतात. एवढं लांब कधी बघितलंच नव्हतं."

काकांना तिने काहीच सांगितलं नव्हतं. लायसन्स हातात आल्यावर एका सकाळी तिने डबीचं कव्हर काढलं आणि इंजिन चालू केलं. काका टूथब्रश तोंडात धरून मागच्या दारात आले.

"कोण आहे?"

"मी."

ते ऐकत राहिले. "क्लच अर्ध्यावरच धरून ठेवलायस. जळेल तो. सोड." तिने सोडला. काका जिना उतरले, बॉनेटला हात लावत गाडीला वळसा घालून पलीकडे गेले, डाव्या दाराची कडी चाचपली आणि आत बसले.

"या बाजूला बसायची मला सवय नाही," ते म्हणाले.

"मला तरी कुठे या बाजूची आहे!"

मी खिडकीतून पाहत होते. गाडी अंगणातच पुढे-मागे झाली. काकांचा टूथब्रश त्यांच्या हातातच होता.

उन्हाळा सरल्यावर ती दोघं निघाली. वाटेत काय काय झालं ते मी नंतर दोघांकडून ऐकलं, बहुतेकदा एकाच वेळी. वाळूची नदी आली तेव्हा मावशीने गाडी थांबवली आणि म्हणाली, इथून परत जाऊ. काकांनी चाकांतली हवा कमी करायला लावली, चारही चाकांना जोर देणारा दांडा कुठे आणि कसा ओढायचा ते सांगितलं. मग चपला काढल्या आणि अनवाणी पुढे चालू लागले. डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण वाळू कुठे घट्ट आणि कुठे पोकळ ते तळव्यांना कळत होतं. तळवे सांगतील तसे ते डावी-उजवीकडे वळायचे आणि मावशी दोन हातांचं अंतर ठेवून त्यांच्या पाठीमागून गाडी आणायची. "थांबायचं नाही," त्यांनी बजावलं होतं. "काही झालं तरी थांबायचं नाही."

"तुम्ही पडलात तरी?"

"मी बाजूला पडेन."

ते पडले नाहीत. डबी मात्र रुतली. काका म्हणायचे दोनदा, मावशी म्हणायची एकदाच, दुसऱ्यांदा ती आपणहून थांबली होती. या गोष्टीवर त्यांचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही.

पठारावरच्या तळ्याशी पोचल्यावर काकांनी पहिला प्रश्न विचारला, "निळं आहे ना?"

मावशी खोटं बोलणाऱ्यांतली नाही. "नाही हो. मातकट आहे. आणि तुम्ही सांगायचात तेवढं मोठंही नाही."

"तेव्हा होतं."

"असेल."

काका थोडे हिरमुसले. मग त्यांनी तळ्याकडे तोंड करायचं सोडून बाजूला, डोंगराकडे तोंड केलं. समोरचं दिसत नसलं तरी कडेचं दिसायचं ना! असं बसलं की तळं त्यांच्या नजरेच्या कडेला यायचं. पाण्यावरून पक्षी उठले तेव्हा मावशीच्या आधी त्यांनाच दिसले. दुसऱ्या दिवशी वारा सुटला. छप्पर उचललेलं, तिन्ही बाजूंनी कापड ढोलासारखं वाजतंय आणि आत ही दोघं गुडघ्यांवर ब्लँकेट घेऊन चहा पितायत. "एक टाका हलला नाही," हे मला काकांनी सांगितलं. मावशीने ते स्वतःहून कधी सांगितलं नसतं. पण काका सांगत होते तेव्हा ती भांडी लावायची थांबली होती.

त्यानंतर कित्येक वर्षं हाच क्रम चालला. उन्हाळा सरला की डबी बाहेर पडायची. परत आल्यावर आता गोष्टी मावशी सांगायची. कुठल्या तरी घाटात मेंढ्यांनी रस्ता कसा अडवला, एका चौकीवरच्या शिपायाने कापडी भिंत बघून स्वतःच्या तंबूचं दार कसं शिवून घेतलं. काका मधेमधे दुरुस्त्या करायचे. त्यांना मी आता आवाजावरून ओळखू यायचे, पण माझं लग्न ठरलं तेव्हा होणाऱ्या नवऱ्याला शेजारी बसवून, भिंतीकडे तोंड करून, त्यांनी त्याला अगदी नीट बघून घेतलं होतं.

काका गेले ते एका थंडीत, दुपारचे झोपलेले असताना. कसलाही गाजावाजा न करता.

त्या वर्षी उन्हाळा सरला तरी डबी हलली नाही. लग्नानंतर मी दुसऱ्या गावी राहायला गेले होते; पुढच्या वर्षी तिथे मावशीचा फोन आला. "रजा मिळेल का तुला? एकटीला जायला भीती वाटत नाही, पण बोलायला कोणीतरी हवं." मी गेले. आम्ही फार लांब गेलो नाही. ती शांतपणे चालवत होती, नजर लांब रस्त्यावर. संध्याकाळी तिने एका हाताने छप्पर उचललं, खाली टेकू लावला, शेगडी पेटवली. मी काकांच्या जागेवर झोपले. ती अंधारात म्हणाली, "गप्प झोपतेस तू. मला झोप लागेना." मग मला माहीत नसलेल्या कितीतरी गोष्टी तिने सांगितल्या. लग्नानंतर पहिल्यांदा काका महिनाभर गेले तेव्हा ती रोज त्यांची वाट बघत नव्हती, तर त्यांचा हेवा करत होती, हेही सांगितलं. "पण ते त्यांना कधी कळू दिलं नाही," ती म्हणाली. "कळलं असतं तर त्यांनी गोष्टी सांगायच्या बंद केल्या असत्या."

तो तिचा शेवटचा प्रवास. गुडघे कुरकुरायला लागले, उंच पायरीवर चढणं जमेना. डबी तिने एका नर्सबाईला आणि तिच्या नवऱ्याला दिली. नवरा रुग्णवाहिका चालवायचा. देण्याआधी तिने सगळी कापडी भिंत उसवून नवी शिवली. मी म्हटलं, "अगं, जुनी अजून चांगली आहे की." ती म्हणाली, "ती आमची होती. यांना यांची नको का?" जुनी मात्र तिने कुठे ठेवली ते मी विचारलं नाही.

ते दोघं गाडी न्यायला आले तेव्हा अख्खी दुपार तिने त्यांना एकेक गोष्ट दाखवली. नर्सबाईने छप्पर उचलून मिटून पाहिलं आणि खुशीत हसली. गाडी फाटकातून बाहेर पडली, वळणावर दिवा लुकलुकला आणि दिसेनाशी झाली. मावशी थोडा वेळ तिथेच उभी राहिली. मला वाटलं, आता रडेल. पण तिने झाडू मागितला, अंगणातला पालापाचोळा लोटला, फरशीवरचा तेलाचा डाग घासून पाहिला आणि तो निघत नाही म्हटल्यावर सोडून दिला.

"इथे उजेड चांगला येतो गं," ती सगळीकडे बघत म्हणाली. "इतकी वर्षं आत दिवा लावून शिवत बसले मी."

दुसऱ्या दिवशी ठिणगीला आणि आणखी दोघांना बोलावून तिने ते अवजड मशीन अंगणात आणवलं आणि वर स्वतःच शिवलेलं एक छत बांधून घेतलं. मी निघाले तेव्हा ती तिथे कोणाच्या तरी दुकानाचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड पसरून बसली होती. कापडाचं एक टोक कुंपणापर्यंत गेलं होतं, आणि शेजारीण ते पलीकडून धरून उभी होती.